विद्यापीठाच्या ऑनलाइन सेवा आणि संगणक सुविधा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात ग्रंथालय आणि संगणक केंद्राच्या मदतखिडकीवर बसते. गेल्या काही वर्षांत विद्यापीठाकडून आणि केंद्राकडून इतक्या नव्या ऑनलाइन सोयी आल्या की त्यांची नावं पाठ होईपर्यंत पुढची येते. त्यातल्या बहुतेक फुकट आहेत आणि चांगल्या आहेत. तरी घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजात आलेलं असतं, तेव्हा ते मूल खिडकीपाशी येऊन दबक्या आवाजात विचारतं, "मॅडम, हे आमच्यासाठी पण आहे का?" आहे. तुमच्यासाठीच आहे. रोज येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. ती महाराष्ट्रातल्या कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडावीत.

प्रवेश झाला. सगळ्यात आधी काय करू?

आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते बघा. तो नंबर तुमच्या स्वतःच्या हातात आहे ना, तेही बघा. बाकी सगळं नंतर.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण असं की माझ्याकडे येणाऱ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. दहावीत असताना आधारला वडिलांचा नंबर दिलेला असतो, मध्ये रिचार्ज संपून ते सिम बंद पडलेलं असतं, नाहीतर नव्या ऑफरसाठी सिमच बदललेलं असतं. मग एबीसी (त्याबद्दल पुढे सांगते), डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रं ठेवायचं अॅप), महाडीबीटी (राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं संकेतस्थळ), सगळीकडे ओटीपी जातो तो त्या मेलेल्या नंबरावर. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या. बदल नोंदवला जायला थोडे दिवस लागतात, म्हणून परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

त्यानंतर स्वतःच्या नावाचा एक साधा ईमेल काढा आणि त्याचा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. वहीत लिहू नये असं म्हणतात. पण विसरलेल्या पासवर्डापायी गेलेली वर्षं मी पाहिली आहेत, वहीमुळे झालेलं नुकसान अजून पाहिलेलं नाही. वही मात्र घरीच ठेवा.

एबीसी आयडी म्हणजे काय? आणि 'अपार' वेगळा काढायचा का?

एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये त्याचे नियम केले. बँकेत पैसे जमा होतात तसे इथे तुमच्या नावावर क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, जमा होतात. अपार हा त्याच व्यवस्थेतला विद्यार्थ्याचा १२ अंकी कायमचा क्रमांक. डिजिलॉकरमध्ये तो एकदा तयार झाला की कार्डाची प्रत जपून ठेवा, दुसरा काढण्याच्या भानगडीत पडू नका.

याचा खरा उपयोग मुलींनी नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी रचना आहे. लग्न झालं, घरात आजारपण आलं, ऊसतोडीला किंवा कंपनीत जावं लागलं म्हणून शिक्षण मध्येच थांबलं, तर आधीचं केलेलं वाया जाऊ नये यासाठी ही बँक आहे. जमा क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं धरले जातात. म्हणजे परतीची वाट उघडी आहे, पण ती कायमची उघडी नाही. शिक्षण सोडताना हे वर्ष कुठेतरी लिहून ठेवा.

आयडी नेट कॅफेतून काढून घेतला. आता लॉगिनच होत नाही.

कॅफेवाल्याने घाईत स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. त्याच्या मनात वाईट नसतं. बाहेर पन्नास मुलं उभी असतात आणि प्रत्येकाच्या ओटीपीची वाट बघायला त्याला वेळ नसतो. पण त्यामुळे तुमच्या खात्याची किल्ली त्याच्या खिशात राहते.

मागच्या वर्षी वाडीवरून रोज एसटीने येणारी एक मुलगी असाच आयडी घेऊन आली. कॅफे बंद झालेला, नंबर लागेना, आणि फॉर्म भरायला चार दिवस उरलेले. डिजिलॉकरमध्ये आधारवरून खातं परत मिळवता येतं, तसं आम्ही मिळवलं. तिचं आधार तिच्याच नंबराला जोडलेलं होतं म्हणून जमलं. ते नसतं तर चार दिवस पुरले नसते.

कॅफेत किंवा सेवा केंद्रात जायला हरकत नाही. पैसे देऊन फॉर्म भरून घ्या, पण नंबर आणि ईमेल तुमचाच द्या, ओटीपी स्वतःच्या हाताने टाका, आणि उठण्याआधी लॉगआउट झालंय का ते डोळ्यांनी बघा. डाउनलोड झालेल्या आधारच्या आणि मार्कशीटच्या फायलीही तिथून काढून टाकायला सांगा.

आधारवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं. काय करू?

हा आपल्याकडचा अगदी घरचा प्रश्न आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर आपलं नाव आधी, आडनाव शेवटी, आणि कधी कधी वडिलांचं नाव गायबच. नुसता क्रम वेगळा असेल तर बहुतेक ठिकाणी निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर अडतं.

साधा नियम असा: विद्यापीठाची नोंद दहावी-बारावीच्या मार्कशीटवरून होते, म्हणून मार्कशीट बरोबर असेल तर आधार तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा फॉर्मवर सही करण्याआधी प्रत्येक अक्षर बोट ठेवून वाचा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि नव्या नावानेच पुढचं सगळं हवं असेल, तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याचा अर्जही आता ऑनलाइन होतो. नाव बदललंच पाहिजे असं मात्र कुठलंही विद्यापीठ म्हणत नाही. माहेरच्या नावाने पदवी पूर्ण करता येते.

खात्यात क्रेडिट शून्यच दिसतात. मी नापास झाले का?

नाही. क्रेडिट विद्यार्थ्याला भरता येत नाहीत, ते विद्यापीठ चढवतं. निकाल लागल्यावर ते चढायला वेळ जातो. फार दिवस झाले, वर्गातल्या इतरांचे आले आणि तुमचे नाहीत, असं असेल तर विद्यापीठाच्या नोंदीत तुमच्या पीआरएनसमोर (विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक) एबीसी क्रमांक चुकलेला असण्याची शक्यता जास्त. परीक्षा विभागाला पीआरएन, एबीसी क्रमांक आणि निकालाची प्रत जोडून लेखी कळवा.

डिजिलॉकरमधली मार्कशीट नोकरीच्या ठिकाणी चालते का?

चालते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांनुसार डिजिलॉकरमध्ये संस्थेने 'जारी' केलेली कागदपत्रं मूळ प्रतीच्या बरोबरीची धरली जातात. 'जारी' हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेली मार्कशीट ही नुसती साठवलेली प्रत असते, तिला तो दर्जा नाही. दोन्ही एकाच अॅपमध्ये दिसत असल्यामुळे हा गोंधळ फार होतो.

परदेशी जाणाऱ्यांनी मात्र नुसत्या डिजिलॉकरवर विसंबू नये. ट्रान्सस्क्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित दाखला) विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि काही देशांना अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागतं. जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. या सगळ्याला महिने जातात.

महाडीबीटीवर शिष्यवृत्ती 'मंजूर' दिसते, पण खात्यात पैसे नाहीत.

बँकेत खातं असणं वेगळं आणि ते आधारला 'सीड', म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलेलं, असणं वेगळं. सरकारी पैसे आधारवरून जातात, आणि एका वेळी एकच बँक आधारला सीड असते. आईने कधीतरी तुमच्या नावाने जनधन खातं काढलं असेल किंवा पोस्टमनने घरी येऊन खातं उघडलं असेल, तर पैसे बिचारे तिकडे जाऊन पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' तपासा, तिथे बँकेचं नाव दिसतं. आधी त्या बँकेत पासबुक भरून या, मग चिंता करा.

कॉलेजच्या वाय-फायवर 'एज्युरोम' दिसतं. ते काय आहे?

जगभरातल्या शंभराहून अधिक देशांतल्या शिक्षणसंस्थांनी मिळून चालवलेली वाय-फायची सोय. आपल्या संस्थेचा आयडी आणि पासवर्ड एकदा फोनमध्ये भरला की आयआयटी मुंबईसारख्या दुसऱ्या सदस्य संस्थेत गेल्यावरही फोन आपोआप जोडला जातो. भारतात याची व्यवस्था अर्नेट इंडिया बघते. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तरी तुमची ओळख पटवते तुमचीच संस्था; पासवर्ड यजमान संस्थेला कळत नाही. तुमची संस्था सदस्य नसेल तर नाव दिसूनही जोडणी होणार नाही. पहिल्यांदा जोडताना फोन प्रमाणपत्राबद्दल विचारतो, तिथे डोळे झाकून 'हो' म्हणू नका. संगणक केंद्राने दिलेल्या सूचनेप्रमाणेच करा.

शोधनिबंध उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. आम्ही काय करायचं?

पैसे भरू नका. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. काम बघतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र. विद्यापीठाच्या आवारात बसून उघडलं तर बरेच निबंध थेट उघडतात. घरून वाचायचं असेल तर 'इन्फेड'मधून संस्थेचं लॉगिन लागतं, ते ग्रंथालय देतं.

तुमचं महाविद्यालय खासगी अनुदानित असेल तर ते या यादीत असेलच असं नाही. तिथे इन्फ्लिबनेटचीच 'एन-लिस्ट' ही सोय असू शकते. ग्रंथपालांना विचारा. आमच्याकडे कित्येक वर्षं हे लॉगिन असूनही ते मागायला कुणी आलं नव्हतं, आणि त्यात दोष आमचाही आहे: सूचना फलकावर आम्ही ती इंग्रजीत लावली होती. मराठीत लावल्यावर आठवड्याभरात रांग लागली.

प्रबंध मराठीत आहे. कोणत्या फाँटमध्ये टाइप करू?

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांवर प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला संकेत असतो त्या पद्धतीत. या एका उत्तरासाठी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

वर्षानुवर्षं आपले मराठीचे प्रबंध टायपिंगवाल्यांकडे जुन्या फाँटांत होत आले. त्या फाँटांत संगणकाच्या लेखी मजकूर मराठी नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. कागदावर सुंदर दिसतं, पण तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते.

याचं नुकसान कुठे होतं ते बघा. यूजीसीच्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध 'शोधगंगा'वर जातो. तिथे आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि जगातला कुणीही ते फुकट वाचू शकतो. तुम्ही पाच वर्षं खपून लोकदैवतांवर किंवा दलित आत्मकथनांवर काम केलं, तो प्रबंध शोधगंगेवर चढलाही. पण आतला मजकूर जुन्या फाँटातला किंवा नुसता स्कॅन केलेला असेल, तर शोधणाऱ्याला आतला एक शब्दही सापडणार नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर तो वाचू शकणार नाही. इंग्रजीतला सुमार प्रबंध सापडतो आणि मराठीतला उत्तम प्रबंध सापडत नाही, हे मला सहन होत नाही.

विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासूनच असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन जोडावा लागतो. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला की बोटं बसतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट मोफत आहेत आणि देखणेही आहेत. जुना मजकूर असेल तर फाँट बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर आंधळा भरवसा नको. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, ओळ न् ओळ वाचावी लागते.

एक बारीक गोष्ट. 'कऱ्हाडे', 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' अशी आडनावं असणाऱ्यांनी आणि 'तऱ्हा', 'दुसऱ्या' लिहिणाऱ्यांनी अर्ध्या र चा हा आपला खास मराठी आकार नीट टाइप करायला शिकावं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, त्याला हलन्त देऊन पुढचं अक्षर जोडायचं. नाहीतर पदवी प्रमाणपत्रावर 'कर्हाडे' छापून येतं आणि दुरुस्तीसाठी पुन्हा विद्यापीठाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

महासंगणक आमच्यासारख्यांना वापरायला मिळतो का?

संशोधन करत असाल तर मिळू शकतो. आणि ही आपल्या दारातलीच गोष्ट आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली, पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. पुढे २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालं. त्यातूनच पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म' बसला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी पुण्याला 'परम रुद्र' मिळाला.

विद्यार्थ्याने थेट अर्ज करून चालत नाही. मार्गदर्शकांमार्फत जावं लागतं, आणि काय मोजायचं आहे, किती वेळ लागेल, हे लिहून द्यावं लागतं. हवामान, औषधांचे रेणू, जनुकीय माहिती, द्रवांचा प्रवाह, यंत्रशिक्षण असलं काम असेल तरच तिकडे जा. एक्सेलमध्ये होणारं काम तिथे नेऊ नका.

हे चालतं कसं, ते विचारणाऱ्यांना मी गिरणीचं उदाहरण देते. दळणाचा डबा आपण गिरणीत ठेवून येतो, वर नाव आणि 'ज्वारी, बारीक' अशी चिठ्ठी. गिरणीवाला रांगेप्रमाणे घेतो, संध्याकाळी पीठ तयार. इथेही तसंच. तुम्ही 'जॉब स्क्रिप्ट' नावाची चिठ्ठी लिहिता: किती कोअर, किती मेमरी, किती तास. 'स्लर्म' नावाची प्रणाली रांग सांभाळते. तुम्ही घरी जाऊन जेवा, झोपा. काम झालं की निकालाची फाइल तयार असते. नवी मुलं दोन चुका हमखास करतात. पहिली, दोन तासांच्या कामाला दोन दिवस मागतात, मग तेवढी सलग मोकळी जागा मिळेपर्यंत रांगेत अडकून पडतात. दुसरी, आत शिरल्याशिरल्या 'लॉगिन नोड'वरच काम सुरू करतात. ती गिरणीची ओसरी आहे, तिथे सगळे ये-जा करतात. तिथे दळायला बसलात तर सगळ्यांची वाट अडते आणि खातंही बंद होऊ शकतं. 'स्क्रॅच' नावाच्या तात्पुरत्या जागेतल्या फायली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात. निकाल हाती आला की लगेच आपल्याकडे उतरवून घ्या.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांसाठी मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडिया एआय अभियानातून सवलतीच्या दराने जीपीयू (अशा कामाला लागणारे वेगवान प्रोसेसर) मिळण्याची सोयही झाली आहे.

माझ्याकडे लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे.

मग आधी संगणक केंद्रात या. ते तुमच्या फीमधून चालतं, तिथे बसणं हा तुमचा हक्क आहे. मोबाइलवर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे-छोटे धडे बघा: लिनक्स, लिबरऑफिस, सी, पायथन. त्यातले बरेच मराठीत आहेत. धडा बघता बघता शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, अशी त्यांची रचना आहे, म्हणून केंद्रात हेडफोन घेऊन येणं उत्तम. पायथन शिकायला गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं. सत्र मध्येच तुटतं, तेव्हा काम ड्राइव्हमध्ये साठवत राहा.

'स्वयम'वरचा कोर्स केला तर पदवीत धरतात का?

धरतात, पण आधी विचारा. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयममधून घ्यायची मुभा विद्यापीठांना दिली आहे. कोणते कोर्स धरायचे ते विद्यापीठ ठरवतं. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला शुल्क आहे. विभागप्रमुखांची लेखी मान्यता घेऊन मगच परीक्षेची फी भरा.

उत्तरपत्रिका संगणकावर तपासतात म्हणे. मार्कांवर विश्वास ठेवायचा का?

शंका येणं स्वाभाविक आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या, तयारी अपुरी पडली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. मुलांचे पुढचे प्रवेश त्यात अडकले. पद्धत मुळात वाईट नाही. तिच्यात बेरीज चुकत नाही, तपासायचं राहिलेलं पान लक्षात येतं. घाई वाईट होती.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकाराखालचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला आहे. छायाप्रत बघा, विषयाच्या सरांना दाखवा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. मुदत थोड्या दिवसांची असते, ती निकालाच्या दिवसापासून मोजा.

'शिष्यवृत्ती मंजूर, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आलाय.

क्लिक करू नका. महाडीबीटी स्वतः उघडून बघा. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सगळं करूनही काम होत नाही. तक्रार कुठे करू?

यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि ऑनलाइन तक्रारीची सोय असली पाहिजे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तोंडी सांगून येऊ नका. अर्ज लिहा, तारीख टाका, आवक क्रमांक घ्या, पडद्यावरच्या चुकीचा फोटो जोडा. "साइट चालत नाही" असं लिहू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं बटण दाबल्यावर काय अक्षरं आली, ते लिहा. त्या एका वाक्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला निम्मं काम कळतं.

मदतखिडकीवर येताना काय आणू?

आधार, दहावीची मार्कशीट, पीआरएन लिहिलेली कोणतीही पावती, आणि आधारला जोडलेला फोन, चार्ज केलेला. फोन वडिलांकडे असेल तर त्यांना सोबत आणा, किंवा ओटीपी येईल त्या वेळी ते फोनपाशी असतील असं बघा. शेतावर रेंज नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून वेळ आधी ठरवून या. मी शेजारी बसून सगळं दाखवीन, की-बोर्डवर मात्र हात तुमचाच असेल.